बादलीत मावणारा दर्या

फुगवायचा पृथ्वीगोल घ्या आणि वर्गात फेका. ज्याच्या हातात पडेल त्याने एवढंच सांगायचं: उजव्या हाताची तर्जनी कुठे टेकली, पाण्यावर की जमिनीवर? फळ्यावर दोन रकाने आखा आणि खुणा करत जा. शंभर झेल झाले की मोजा. पाण्याचा आकडा सत्तरच्या आसपास येतो, कारण पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग समुद्राने व्यापलेला आहे. पुस्तकात ही टक्केवारी एका ओळीत येते आणि परीक्षेनंतर निघून जाते. इथे ती पोरांनी ओरडाआरडा करत स्वतः मोजलेली असते, आणि जाता जाता संभाव्यतेचा धडाही होऊन जातो.

समुद्रविज्ञानाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. त्यातले किती तरी मोठे शोध दोरी, मीठ, बाटली आणि कागद एवढ्या सामानावर लागले आहेत. वर्गात बादली मांडली की मुलं थेट त्या शोधांच्या उंबरठ्यावर उभी राहतात. वेंगुर्ल्याच्या शाळेत हे जमतं तसंच गडचिरोलीच्या शाळेतही जमतं. चला तर मग, बाह्या सरसावा.

अंडं आधी बुडतं

‘मिठाच्या पाण्यात अंडं तरंगतं’ हा प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो, पण नेमका समुद्राइतका खारटपणा ठेवून फार कमी जणांनी केलेला असतो. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा आणि ताजं अंडं सोडा. ते सरळ तळाशी जातं! मीठ तिपटी-चौपटीपर्यंत वाढवत न्या, मग कुठे ते वर येतं. आता मुलांना मृत समुद्राची गोष्ट सांगा. तिथलं पाणी साधारण दहापट खारट आहे, म्हणून तिथे माणूसही बुडत नाही.

पुढचा आकडा ऐकून वर्ग गप्प होतो. सगळ्या महासागरांतलं मीठ काढून जमिनीवर सारखं पसरलं, तर दीडशे मीटरहून जाड थर होईल. चाळीस मजली इमारत त्यात गडप. हे मीठ आलं कुठून? बहुतेक खडकांतून. पावसाने झिजवलं, नद्यांनी वाहून नेलं, आणि कोट्यवधी वर्षांत साठत गेलं.

एकवीस वर्षांच्या पोराची पेटी

१६७९ साली लुइजी फेर्दिनांदो मार्सिली नावाचा इटालियन तरुण इस्तंबूलला गेला. वय वर्षं २१. काळ्या समुद्राचं पाणी बॉस्फरसच्या सामुद्रधुनीतून भूमध्य समुद्राकडे वाहतं, हे सगळ्यांना दिसत होतं. पण तिथल्या कोळ्यांचं म्हणणं वेगळं होतं: वरचं पाणी एकीकडे जातं आणि खालचं बरोबर उलट दिशेला. मार्सिलीने त्यांच्यावर विश्वास ठेवला. दोरीला वजन आणि पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे बांधून ती पाण्यात सोडली. काही खोलीनंतर बुचं खरंच उलट दिशेला ओढली गेली.

मग त्याने दोन्हीकडचं पाणी तोललं. काळ्या समुद्राचं हलकं भरलं, भूमध्य समुद्राकडचं जड. शेवटी त्याने एक पेटी केली. मधे पडदा, एका बाजूला हलकं पाणी, दुसऱ्या बाजूला जड, पडद्याला वर एक आणि खाली एक भोक. भोकं उघडताच जड पाणी खालून घुसलं आणि हलकं वरून सरकलं. १६८१ मध्ये त्याने हे सारं छापून प्रसिद्ध केलं. समुद्राचा प्रवाह नुसता वाऱ्याने चालत नाही, पाण्याच्या जडपणामुळेही चालतो, हे दाखवणारा हा पहिला प्रयोग समजला जातो. नीट पाहिलं तर त्यात कोळ्यांचं ज्ञान होतं आणि एका तरुणाची ते ऐकून घ्यायची तयारी होती.

वर्गात यासाठी तोंडाला तोंड जुळेल अशा दोन सारख्या बरण्या पुरतात. एकीत साधं पाणी, दुसरीत मिठाचं निळं पाणी. साध्या पाण्याच्या बरणीच्या तोंडावर जाड पुठ्ठा धरून ती निळ्या बरणीवर उपडी ठेवा आणि पुठ्ठा हळूच ओढा. काहीच होत नाही, दोन थर शांत राहतात. आता उलट करा, निळं वर आणि साधं खाली. पुठ्ठा सरकताच निळं पाणी धबाधबा खाली येतं. नंतर मीठ न घालता हाच खेळ गरम लाल आणि थंडगार निळ्या पाण्याचा करा. थंड आणि खारट पाणी बुडतं, ही एक गोष्ट मुलांनी डोळ्यांनी पाहिली की ग्रीनलंडजवळ बुडालेलं पाणी तळातळाने जगभर कसं फिरतं हे सांगायला पाच मिनिटं लागतात. त्या फेरीला मात्र हजारेक वर्षं लागतात, असा अंदाज आहे.

बुटांच्या खोक्यातला डोंगर

बुटांचं रिकामं खोकं घ्या. आत माती किंवा शाडू लावून डोंगर, दऱ्या, पठार करा. झाकण लावून चिकटपट्टीने बंद करा. झाकणावर चौकटी आखून प्रत्येक चौकटीत एक भोक पाडा. एका गटाने खोकं तयार करायचं आणि दुसऱ्या गटाला द्यायचं. दुसऱ्या गटाने सेंटिमीटरच्या खुणा केलेली लोखंडी सळई एकेका भोकातून आत घालून खोली मोजायची आणि आलेख काढायचा. डोकावायचं नाही!

पहिल्यांदा चारच भोकं वापरू द्या. तळ सपाट वाटतो. मग वीस, मग सगळी. हळूहळू कागदावर डोंगर उगवतो. एचएमएस चॅलेंजर हे जहाज १८७२ ते १८७६ अशी साडेतीन वर्षं जगभर फिरलं आणि त्यावरच्या संशोधकांनी दोरी सोडून ४९२ ठिकाणी खोल समुद्र मोजला. सगळ्या पृथ्वीच्या महासागरांसाठी ४९२ मोजण्या! म्हणजे आपल्या खोक्याची चार भोकंच. पुढे आवाजाने खोली मोजायचं तंत्र आलं. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. आवाज सोडून तो तळावर आपटून परत यायला चार सेकंद लागले, तर खोली किती? हात वर होतात. त्यातले निम्मे ‘सहा हजार’ म्हणतात, आणि जाण्या-येण्याचा दोनने भागाकार आठवणारा कुणी तरी ‘तीन हजार’ म्हणतो. ते मूल लक्षात ठेवा.

इथे मेरी थार्प यांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या काळी अमेरिकेत संशोधन जहाजावर बाईला घेत नसत. म्हणून त्या न्यूयॉर्कजवळच्या प्रयोगशाळेत टेबलाशी बसून, जहाजांवरून आलेले खोलीचे आकडे हाताने कागदावर उतरवत राहिल्या. अटलांटिकच्या मधोमध जी पर्वतरांग आहे तिच्या माथ्यावर सलग एक खोल भेग आहे, हे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या लक्षात आलं. सहकारी ब्रूस हीझन यांनी आधी ते उडवून लावलं. पण भूकंपाची ठिकाणं नकाशावर मांडली तर ती नेमकी त्या भेगेवर पडली. भूखंड सरकतात या कल्पनेला मिळालेला तो मोठा पुरावा. जगाच्या सागरतळाचा त्यांचा प्रसिद्ध नकाशा १९७७ मध्ये पूर्ण झाला. वर्गातल्या मुलींना ही गोष्ट मुद्दाम, सावकाश सांगावी.

आपल्या अरबी समुद्राखालीही अशीच एक रांग आहे. तिचं नाव कार्ल्सबर्ग. ज्या डॅनिश मोहिमेत तिचा शोध लागला, तिला बिअर बनवणाऱ्या त्याच नावाच्या कंपनीच्या प्रतिष्ठानाने पैसे दिले होते. आणि सागरतळाचं काम अजून संपलेलं नाही. आधुनिक उपकरणांनी बारकाईने मोजलेला भाग आजही साधारण चौथा हिस्साच आहे. बाकीचं खोकं बंदच आहे.

बदकं निघाली अलास्काला

जानेवारी १९९२. हाँगकाँगहून अमेरिकेला निघालेल्या जहाजावरचे काही कंटेनर पॅसिफिकमधल्या वादळात पडले. एकातून २८,८०० प्लास्टिकची खेळणी बाहेर आली. पिवळी बदकं, लाल बीव्हर, निळी कासवं, हिरवे बेडूक. दहा महिन्यांनी ती अलास्कातल्या सिटकाजवळ किनाऱ्याला लागायला लागली. कर्टिस एबस्मायर या समुद्रशास्त्रज्ञाने किनाऱ्यावर फिरणाऱ्या सामान्य माणसांकडून सापडल्याच्या जागा आणि तारखा गोळा केल्या, आणि त्यावरून प्रवाहांची संगणकीय गणितं तपासून पाहिली. पुढची कित्येक वर्षं ही बदकं सापडत राहिली.

वर्गात परात घ्या, दोन कडांना मातीचे ‘खंड’ लावा, पाणी ओता आणि मिरपूड भुरभुरा. एका मुलाने परातीच्या वरच्या बाजूने डावीकडून उजवीकडे नळीने फुंकायचं, दुसऱ्याने खालच्या बाजूने उलट दिशेला. मिरपूड गोल फिरायला लागते. महासागरातले मोठे चक्राकार प्रवाह असेच वाऱ्यांच्या जोडीने फिरतात, आणि त्यांच्या मधोमध प्लास्टिकचा कचरा का साठतो हेही परातीतच दिसतं. मग मुलांना सांगा: आता दोघांनी दिशा बदला. उत्तर हिंदी महासागरात हे दरवर्षी घडतं. मोसमी वारे फिरले की तिथले प्रवाहही उलटतात. जगात इतक्या मोठ्या प्रमाणावर हे दुसरीकडे कुठे होत नाही, आणि तो समुद्र आपल्या दाराशी आहे.

सॉसची पुडी आणि चार हजार यंत्रमानव

हॉटेलात मिळते ती सॉसची छोटी पुडी. पाणी काठोकाठ भरलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत ती सोडा आणि झाकण घट्ट लावा. पुडी वर तरंगत असेल तर बाटली दाबा. पुडी खाली जाते! सोडा, वर येते. पुडीत थोडी हवा असते. दाबल्यावर ती आकसते, पुडीचं आकारमान घटतं आणि ती पाण्यापेक्षा जड होते. (पुडी आधीच तळाशी बसली तर दुसरी घ्या. सगळ्या पुड्यांत हवा सारखी नसते.)

याच युक्तीवर जगातली एक अफाट योजना चालते. आर्गो नावाचे सुमारे चार हजार स्वयंचलित तरंगते सध्या महासागरांत आहेत. प्रत्येक जण हजार मीटर खोल जाऊन नऊएक दिवस वाहत राहतो, मग दोन हजार मीटरपर्यंत उतरतो, वर येताना तापमान आणि खारटपणा मोजतो, उपग्रहाला कळवतो आणि पुन्हा बुडी मारतो. त्याच्या पोटात तेल असतं. ते बाहेरच्या पिशवीत ढकललं की आकारमान वाढतं आणि तो वर येतो. आत ओढलं की खाली. आपल्याकडे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था हे काम पाहते. आर्गोची सगळी माहिती जगात कुणालाही फुकट मिळते, शाळेलासुद्धा.

आणि किनाऱ्यावर पांढरा, हलका समुद्रफेस सापडतो ना? तो माकुलाच्या (स्क्विडच्या) भाऊबंदांपैकी एकाचा आतला सांगाडा. त्यात असंख्य बारीक कप्पे असतात. त्यांतलं पाणी आणि वायू कमीजास्त करून तो प्राणी हवा त्या खोलीवर राहतो. मुलांना तो मोडून भिंगाखाली बघू द्या.

झटपट, एकामागून एक

निळ्या जिलेटीन पेपरचे दोन-तीन थर डोळ्यांवर धरा आणि लाल फुलाकडे बघा. काळं दिसतं. समुद्रात पाणी लाल रंग आधी शोषून घेतं. दहाएक मीटरखाली त्याचा बराचसा भाग उरलेलाच नसतो. म्हणून खोल पाण्यातली लालभडक कोळंबी तिथे जवळजवळ अदृश्य असते.

एका प्लास्टिकच्या पिशवीत वनस्पती तूप भरा, त्यात दुसरी पिशवी घाला आणि आत हात घालून तो बर्फाच्या पाण्यात बुडवा. दुसरा हात नुसत्या पिशवीत. काही सेकंदांत नुसत्या पिशवीतला हात बाहेर येतो, तुपातला आरामात राहतो. उत्तर ध्रुवाकडच्या बोहेड देवमाशाच्या कातडीखाली असा चरबीचा थर चाळीस सेंटिमीटरहून जाड असू शकतो.

मैदानावर तीस मीटर दोरी ताणा आणि मुलांना तिच्या कडेने झोपवा. निळा देवमासा एवढा लांब वाढू शकतो. पृथ्वीवर आजवर झालेल्या प्राण्यांत त्याच्याहून जड कुणी झाल्याचं ठाऊक नाही.

अख्खा बांगडा आणा, पुसून कोरडा करा, एका बाजूने पोस्टर कलर लावा आणि वर पातळ कागद दाबा. जपानी कोळी एकोणिसाव्या शतकात आपल्या मोठ्या मासळीची नोंद अशीच ठेवत. त्याला ग्योताकू म्हणतात. ठशात शेपटीकडे छोटे छोटे सुटे पर उमटतात. मोजा: पाठीवर पाच, पोटाकडे पाच. हे पर मुलांना पुस्तकातल्या चित्रात कधीच दिसले नव्हते.

आणि माकुल! तीन हृदयं, निळसर रक्त, आठ हात आणि दोन लांब सोंडा. पाठीतून पिसासारखी पारदर्शक पात निघते आणि पोटात शाईची पिशवी असते. त्या पातीचं टोक त्याच शाईत बुडवून मुलं कागदावर आपलं नाव लिहितात. अमेरिकेतल्या शाळांत हा तास फार लोकप्रिय आहे. आपल्याकडे तर माकुल बाजारात मिळतं. ज्या घरांत मासे खात नाहीत त्यांची मुलं या तासाला बाजूला बसली तरी हरकत नाही, सक्ती नको.

हळद सांगते समुद्राचं दुखणं

चुन्याची पातळ निवळी घ्या आणि चिमूटभर हळद घाला. पाणी लाल होतं. आता काचेच्या नळीने त्यात फुंका (फुंकायचं, ओढायचं नाही, हे तीनदा बजावा). आधी पाणी गढूळ होतं, मग फुंकत राहिलं की लाली ओसरून पिवळेपणा येतो. आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने पाण्याचा अल्कधर्मीपणा घटवला.

धुराड्यांतून आणि गाड्यांतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा महासागर पितो. औद्योगिक क्रांतीपासून त्याच्या वरच्या थराचा सामू साधारण ८.२ वरून ८.१ वर आला आहे. एक दशांश म्हणजे काहीच नाही, असं मुलांना वाटतं. पण सामूची मोजपट्टी वेगळी असते. तेवढ्या उतरणीत आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. याचा त्रास कुणाला? तिसऱ्यांचा शिंपला व्हिनेगरमध्ये टाका, बुडबुडे बघा. व्हिनेगर समुद्रापेक्षा कितीतरी आंबट आहे, समुद्र तसा कधीच होणार नाही, हे स्पष्ट सांगा. पण शिंपला, प्रवाळ, गोगलगाय यांची घरं याच कॅल्शियम कार्बोनेटची आहेत, आणि पाण्याचा अल्कधर्मीपणा घटला की ती बांधायला त्यांना जास्त कष्ट पडतात. एक सूचना: शिंपल्याऐवजी खडू वापरू नका. फळ्यावरचा खडू बहुधा जिप्समचा असतो, त्याला बुडबुडे येत नाहीत आणि वर्ग हिरमुसतो.

याच टेबलावर आणखी एक प्रयोग मांडून ठेवा. दोन भांडी, दोन्हीत दगड, दोन्हीत पाणी. एकात बर्फ पाण्यावर तरंगता, दुसऱ्यात तेवढाच बर्फ दगडावर, पाण्याबाहेर. पातळीची खूण करा आणि पुढचा तास घ्या. तरंगता बर्फ वितळूनही खूण जिथल्या तिथे राहते. दगडावरचा वितळतो तिथे पाणी चढतं. ग्रीनलंडचा बर्फ दगडावरचा आहे. तो सगळा वितळला तर समुद्र सात मीटरने चढेल.

आजीचा आडाखा, नातवाचा आलेख

कोकणात भरतीची वेळ काढायला घड्याळाआधी पंचांग होतं. आडाखा असा: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. आज चतुर्थी? चार गुणिले पाऊण, तीन. तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. साधारण साडेबारा तासांनी दुसरी भरती.

हा आडाखा जगातल्या कुठल्याही समुद्रविज्ञानाच्या तासाला शोभेल असा आहे, आणि आपल्याच शाळांत तो शिकवला जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलांना पंधरा दिवसांच्या भरतीच्या अधिकृत वेळा मिळवून द्या आणि आलेखावर मांडायला लावा. शेजारीच पाऊणपटीच्या वेळा. दोन रेषा जवळजवळ जातात, पण हळूहळू फाकतात. का? चंद्र पुन्हा त्याच जागी यायला २४ तास ५० मिनिटं लागतात, त्यामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. आडाखा पंचेचाळीसच धरतो. रोजचा तो थोडासा फरक पक्ष संपेपर्यंत साठतो, आणि प्रतिपदेला हिशेब पुन्हा नव्याने सुरू होतो. तोंडी करायचं गणित सोपं राहावं म्हणून केलेली ही तडजोड आहे, आणि होडी काढायला ती पुरेशी अचूक आहे. आता अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाची आणि अष्टमीच्या भांगाची उंचीही त्याच कागदावर भरा. सूर्य आणि चंद्र कधी एका ओळीत ओढतात आणि कधी काटकोनात, ते आलेखच सांगतो. घरी आजी-आजोबांना आडाखा विचारून यायचा गृहपाठ द्या. किनाऱ्यावरच्या गावांत उत्तरं भरभरून येतील.

बागेश्री कुठे पोहोचली?

जानेवारी २०२२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले कासवाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारं यंत्र बसवलं गेलं. तिचं नाव ठेवलं प्रथमा. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचं अशा पाळतीतलं ते पहिलं ऑलिव्ह रिडले कासव. पुढच्या वर्षी गुहागरहून बागेश्री आणि गुहा निघाल्या. बागेश्री दक्षिणेला जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागराकडे गेली.

हा तर तयार प्रयोग आहे. नकाशा भिंतीवर लावा आणि अक्षांश-रेखांशांच्या जोड्या वाचून टाचण्या टोचा. दोन टाचण्यांमधलं अंतर मोजून ताशी वेग काढा. ज्या मुलांना अक्षांश-रेखांश कंटाळवाणे वाटतात, तीच मुलं बागेश्री पुढे कुठे गेली हे विचारू लागतात.

दुसरा प्रयोग शाळेच्या वाळूच्या ढिगात. दुपारी दोनला तापमापी पृष्ठभागावर ठेवा, मग एक वीत खोल, मग हातभर खोल. वर चटका बसतो आणि हातभर खाली गारवा असतो, शिवाय तो दिवसभर फारसा बदलत नाही. ऑलिव्ह रिडले आपली शंभरएक अंडी साधारण त्याच खोलीवर पुरते. पिल्लू नर होणार की मादी हे त्या वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू तापली की माद्या जास्त. पृथ्वी तापते म्हणजे काय, याचं इतकं नेमकं उत्तर दुसऱ्या कुठल्या ढिगात मिळेल?

ताटातली त्सुनामी

लांबट ट्रे घ्या आणि त्यात एक सेंटिमीटर पाणी भरा. एक टोक थोडं उचलून पटकन खाली ठेवा. लाट पलीकडे जाऊन आपटते आणि परत येते. चार फेऱ्यांना किती वेळ लागला ते मोजा. आता पाणी चार सेंटिमीटर करा आणि पुन्हा मोजा. लाट जवळजवळ दुप्पट वेगाने धावते. उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग खोलीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, आणि त्सुनामीची लाट इतकी लांब असते की तिच्यासाठी आख्खा महासागर उथळच. चार हजार मीटर खोलीवर तिचा वेग ताशी सातशे किलोमीटर भरतो, विमानाइतका. किनाऱ्याजवळ दहा मीटर पाण्यात तो ताशी पस्तीसवर येतो. पुढचं पाणी मंदावतं, मागचं येऊन चढतं, आणि भिंत उभी राहते.

२६ डिसेंबर २००४. थायलंडमधल्या फुकेतचा माई खाओ किनारा. टिली स्मिथ ही दहा वर्षांची इंग्लिश मुलगी आईवडिलांबरोबर सुटीवर आली होती. पाणी विचित्र फेसाळतंय, आत आत येतंय आणि मागे जात नाही, हे तिने पाहिलं. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला शिक्षकांनी त्सुनामी शिकवली होती, आणि हवाईतल्या जुन्या त्सुनामीचं चित्रीकरणही दाखवलं होतं. टिलीने आरडाओरडा केला, आईवडिलांना पटवलं. हॉटेलच्या लोकांनी किनारा रिकामा केला. शंभरएक माणसं वाचली. एका तासिकेमुळे.

त्या दिवशी भारतात हजारो माणसं गेली. त्यानंतर २००७ मध्ये इन्कॉइसमध्ये आपलं त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, हैदराबादेत. आपला किनारा या धोक्यापासून मुक्त आहे असं समजू नका. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला, तेव्हा उठलेली त्सुनामी मुंबईपर्यंत पोहोचली होती.

यंत्रणा इशारा देईल, पण किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मुलालाही खुणा ओळखता आल्या पाहिजेत. जमीन जोराने किंवा बराच वेळ हादरली, पाणी अचानक दूरवर ओसरलं किंवा फेसाळत आत येत राहिलं, समुद्राकडून गाडी धडधडत यावी तसा आवाज आला, की मासे-शिंपले बघत थांबायचं नाही. उंचावर पळायचं, आणि सांगितल्याशिवाय खाली उतरायचं नाही, कारण दुसरी लाट पहिलीपेक्षा मोठी असू शकते.

शिक्षकांनो, या सगळ्यांतला एकच प्रयोग करायला वेळ असेल, तर ताटातला हा प्रयोग करा. किनाऱ्यावरच्या शाळांनी याच सत्रात करा, आणि सहलीला कोकणात किंवा गोव्यात येणाऱ्या घाटावरच्या शाळांनी सहलीच्या आदल्या दिवशी.